ती नाही असं धरून

"बिटिया तो गई जी," असं म्हणून सरोजिनी हातातल्या ओल्या फडक्यानं फाटकाची कडी पुसायला लागली. उत्कर्षा पाळणाघराच्या पायरीवर होती तशीच थांबली, एक पाय वर, एक खाली. आतून झोपलेल्या पोरांचा ओळखीचा वास येत होता, दुधाचा, पावडरीचा, उन्हात कडक वाळलेल्या दुपट्यांचा, आणि त्या वासात ऋचाही आहे असं तिचं नाक अजून सांगत होतं. "गई मतलब?" "बुआजी ले गईं ना. खाने से पहले ही." "क्यों? बुखार था?" "ना जी, बुखार-वुखार कुछ नहीं. भैया का फोन आया था, दीदी आ रही हैं, भेज देना." "तो मुझे फोन क्यों नहीं किया?" सरोजिनीनं फडकं पिळलं. ती वाईट बाई नव्हती. जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या निम्म्या नोकरदार घरांची पोरं तिच्या मांडीवर मोठी झाली होती. "भैया ने ही मना किया था. बोले, मैडम को नहीं बताना, देखना है उनके बिना काम चलता है कि नहीं." आणि मग उत्कर्षाचा चेहरा पाहून, आपण काहीतरी चांगलं सांगावं म्हणून ती हसली. "चल गया जी. बिल्कुल नहीं रोई."

उनके बिना काम चलता है कि नहीं, हे वाक्य उत्कर्षानं ओळखलं. हिंदीत होतं, सरोजिनीच्या तोंडून आलं होतं, तरी ओळखलं. आपलीच साडी परक्या बाईच्या अंगावर दिसावी तसं. आज तिची दुपारची मीटिंग रद्द झाली होती आणि आयते मिळालेले दोन तास लेकीबरोबर घालवावेत म्हणून ती सीतापुऱ्याच्या ऑफिसातून लवकर निघाली होती. येताना मनात कितीतरी मांडून झालं होतं. ऋचाला बागेत न्यायचं, कडुलिंबाची गळलेली पिवळी पानं मुठीनं उडवायला द्यायची, दीड-पावणेदोन वर्षांच्या पोरीला मार्च महिना एवढाच कळतो. आता ती टोंक रोडवर रिक्षात बसून शास्त्री नगरला, नणंदेच्या घरी निघाली होती आणि नवऱ्याला, निलयला लावलेला फोन त्यानं कापला होता. मागोमाग मेसेज आला: मीटिंगमध्ये आहे, सगळं ठीक ना? त्या प्रश्नचिन्हाकडे ती रामबाग येईपर्यंत बघत राहिली. सगळं ठीक ना हे विचारणारा माणूस आपल्याशी खोटं बोलतोय की खरंच विचारतोय, हे कळायला काही मार्ग नव्हता. तिच्या धंद्यात असा मार्ग कधीच नसतो.

तिचा धंदा म्हणजे बंद पडणाऱ्या गोष्टींचा विचार करणं. देशभरातल्या छोट्या छोट्या इस्पितळांच्या अपॉइंटमेंटा आणि रिपोर्ट तिच्या कंपनीच्या मशीनांवर चालत, आणि ती मशीनं कुठल्या कुठल्या शहरांत विखुरलेली. त्यातलं एखादं आज पडणार, उद्या दुसरं पडणार, हे धरूनच सगळं उभारायचं असतं. नव्या मुलांना ती पहिल्याच दिवशी हे सांगायची. एकच काम दोन-तीन मशीनांना माहीत असायला हवं. प्रत्येक मशीन दर थोड्या वेळानं बाकीच्यांना कळवतं, मी आहे, मी आहे. ते कळवणं थांबलं की बाकीची थोडी वाट पाहतात, आणि मग ते गेलं असं धरून त्याचं काम दुसऱ्याकडे देतात. यातली अवघड जागा ती नेहमी जरा थांबून सांगायची, पोरं लिहायची थांबतील इतकी. हळू झालेलं मशीन आणि मेलेलं मशीन बाहेरून अगदी सारखंच दिसतं. दोघांकडूनही काहीच येत नाही. आणि या सगळ्यावर तिचा एक नियम होता, सबंध ऑफिसात तिच्या नावानं चालणारा. मधूनमधून, भर दिवसा, एखादं धडधाकट मशीन न सांगता तोडायचं. ज्याच्या ताब्यात ते आहे त्यालाही सांगायचं नाही, कारण सांगून घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. याच्याशिवाय काम चालतं की नाही ते आजच पाहून ठेवायचं.

हे तिनं निलयला सांगितलं होतं पुण्यात, लग्नाच्या कितीतरी आधी, हिंजवडीच्या कँटीनमध्ये. तो तिच्या हाताखाली नवा आलेला, जयपूरहून, बापाची रेल्वेतली नोकरी भुसावळहून तिकडे बदलून गेली तेव्हापासून तिकडेच वाढलेला, वाक्यावाक्याला मतलब-मतलब करणारा. तिनं टेबलावर चहाचे तीन ग्लास मांडले होते आणि एक बाजूला सरकवला होता. "मतलब हा मेला," तो म्हणाला. "मेला म्हणायचं नाही," ती म्हणाली. "पोचत नाहीये, एवढंच आपल्याला माहीत आहे. तो आपल्या जागी बसून काम करतही असेल." तेव्हा त्यानं तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं त्या नजरेवरच पुढचं सगळं झालं, लग्न, जयपूर, ऋचा. म्हणजे प्रेमात पडताना तो हे शिकत होता. मन लावून शिकत होता. तिनं रिक्षाचा दांडा घट्ट धरला.

मागच्या वर्षीच्या जानेवारीतली ती दुपार. ऋचा पाच महिन्यांची. बाळंतपणानंतर उत्कर्षाच्या आत काहीतरी हळूहळू थंड होत गेलं होतं आणि ते थंड होणं कोणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं, कारण दुपटी धुतली जात होती, पोळ्या लाटल्या जात होत्या. त्या दुपारी ती गॅलरीत उन्हाला बसली होती. आत ऋचा रडायला लागली. तिला ऐकू येत होतं, हे ती डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत राहिली, मला सगळं ऐकू येत होतं. आवाज लांबून यायचा, विहिरीच्या तळातून यावा तसा, आणि ती स्वतःशी म्हणायची, आता उठते. आता उठतेच. उठण्याचा हुकूम पायांकडे निघायचा आणि वाटेतच कुठेतरी जिरायचा. फोन वाजत होता, तोही ऐकू येत होता. शेवटी निलय ऑफिसातून धावत आला. त्यानंतर डॉक्टर, गोळ्या, अकोल्याहून आलेली आई, कितीतरी महिने. आणि मग एक दिवस डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या बंद, तुम्ही छान झालात, जा. पेढे आणले होते निलयनं. ती परत कामाला लागली, ऋचाला स्वतः न्हाऊमाखू घालायला लागली, आणि रोज रात्री तिला कुशीत घेताना मनात म्हणायची, मी आहे. मी आहे गं. तिला वाटत होतं ते सगळ्यांना पोचतंय.

रिक्षा अजमेरी गेटाच्या गर्दीत अडकली तेव्हा तिनं अकोल्याला आईला फोन लावला. "आई, ऋचाला आज अक्षदाताई घेऊन गेल्या. तुला माहीत होतं?" पलीकडे पंख्याची घरघर ऐकू आली. रत्नप्रभाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता. "तुले कोनं सांगतलं?" त्या म्हणाल्या. बस, तेवढंच. उत्कर्षानं डोळे मिटले. "आई, तूसुद्धा?" "अवं, असं काय करतं पोरी. तुले सांगतलं असतं त तू जिवाले लावून घेतलं असतं. जावईबापू म्हणे, आपली तयारी असू द्याव, पुन्हा तसं झालं त धावपळ नको. मी म्हटलं बरोबर आहे. मी काय दुश्मन आहो का तुह्यी?" "तसं झालं तर म्हणजे?" "आता तूच समज." "नाही, तू सांग." "तुह्यी तब्बेत, व माय. लेकराचं पाहा लागते ना कोनी." आई रडायला लागली होती. एरवी आई रडली की उत्कर्षा तिची समजूत काढी. आज तिला वाटलं, हिच्या रडण्याला कोणी तब्येत म्हणणार नाही, त्याची दखल लगेच घेतली जाईल.

शास्त्री नगरात दुसऱ्या मजल्यावर अक्षदाताईचं घर. दोन्ही मुलं कोट्याला शिकायला गेलेली, नवरा विमा कंपनीत, घर इतकं आवरलेलं की हाक मारली तर घुमावी. दार उघडताच अक्षदाताईचा हात ओठांकडे गेला, पण तो गप्प राहा असं सांगायला की दचकून, कळलं नाही. "अगं, तू? आज लवकर सुटलीस?" "ऋचा कुठाय?" "झोपलीय. आत्ताच. खिचडी खाल्ली, पापडपण मागितला हं, लबाड आहे. बस ना, पाणी देते." आतल्या खोलीत पलंगावर चारी बाजूंनी उशांची तटबंदी करून मध्ये ऋचा झोपली होती, एक पाय उशीवर टाकून, तोंड किंचित उघडं. अंगात एक पिवळा फ्रॉक होता. तो उत्कर्षानं घेतलेला नव्हता. फ्रॉक धुवून मऊ झालेला होता. तिनं त्या मऊपणावर बोट ठेवलं आणि तिथंच ठेवून विचारलं, "हे पहिल्यांदाच नव्हे ना, ताई?"

अक्षदाताई दारात उभी राहून ओढणीचं टोक पिरगाळत होती. "तू आत गेलीस तेव्हाच मी निलयला फोन केला, निघालाय तो. तो आला की बोला तुम्ही." "तुम्ही सांगा." "उत्कर्षा, मला ना यातलं ते टेक्निकल काही कळत नाही. तो म्हणाला, ताई, मध्येमध्ये सराव हवा. मी म्हटलं, भाची आहे माझी, सराव कसला, ये म्हटलंस की येईन. संक्रांतीला नेली होती ना पतंग दाखवायला. आणि मग ते इंजेक्शनचं..." तिनं जीभ चावली.

इंजेक्शनचं. उत्कर्षा पलंगाच्या कडेवर बसली. थंडी सरताना आई पुन्हा इथं आली होती तेव्हा एका रविवारी ती तिला चारदीवारीत, जुन्या शहरात, घेऊन गेली होती, लाखेच्या बांगड्या घ्यायला. आजारपणानंतर दोघी मायलेकी अशा पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या. मनिहारांच्या गल्लीत एका ओट्यावर बसून बाई निखाऱ्यावर लाख मऊ करत होती आणि उत्कर्षाच्या मनगटाच्या मापानं बांगडी वळवत होती. आईनं तिचा हात हातात धरून ठेवला होता. अजून एक पाहू, व. ही हिरवी पाहा. ही जराशी सैल होते, पुन्हा करून घेऊ. त्या बोळात फोनला रेंज नव्हती आणि उत्कर्षाला किती दिवसांनी त्याचं काही वाटलं नव्हतं. गरम लाखेचा वास, आईच्या तळव्याची ऊब, ओट्यावरचं ऊन. त्या दिवशी तिला पक्कं वाटलं होतं की आपण बऱ्या झालो. घरी आल्यावर ऋचाच्या मांडीवर छोटी पट्टी दिसली तेव्हा निलय म्हणाला होता, डॉक्टरांची वेळ आज मिळाली, उरकून टाकलं, तुला कशाला त्रास. आणि तिला भरून आलं होतं. किती करतात ही माणसं माझ्यासाठी, असं वाटलं होतं तिला. आई तिथं तिला धरून बसली होती, तेव्हा इकडे तिच्यावाचून पोरीला टोचून, रडवून, गप्प करून पाहिलं जात होतं. आता तो हात आठवताना आईची बोटं कुठे होती हेसुद्धा नीट सांगता येईना, तळव्यावर की मनगटावर.

निलय आला तो लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच ठेवून. बूट काढता काढताच म्हणाला, "उत्कर्षा, मी आज रात्री सांगणारच होतो." "काय सांगणार होतास?" "मतलब, की असं असं आहे. सगळं नीट चालतं. तुला उलट मोकळं वाटायला पाहिजे. तू एकटीनं सगळं डोक्यावर घेऊन..." "माझी परीक्षा घेतलीस?" "तुझी नाही. तुझी कुठे? व्यवस्थेची. तूच शिकवलंयस ना, विश्वासावर काही उभं करायचं नसतं." तो हे अगदी मनापासून म्हणाला, आणि त्या मनापासूनपणाचीच तिला भीती वाटली. खोटं बोलणारा निलय तिला झेपला असता. "मशीन तोडतो तेव्हा," ती सावकाश म्हणाली, "परीक्षा संपली की त्याला परत जोडतो आपण. मला कोणी जोडलं?" "तू तुटलीच नव्हतीस, यार. हे काय बोलतेस." "आणि ठरवलं कोणी? तू, ताई, आई. तिघांचं बहुमत झालं, नाही का?" "असं नको ना म्हणू." "बहुमत मोजताना पडलेलं मशीनसुद्धा मोजतात रे, निलय. एकूण किती, ते बदलत नाही. नाहीतर उरलेले चारदोन मिळून वाटेल ते ठरवतील. हेही शिकवलं होतं मी."

ते बरोबर होतं. तो खुर्चीवर बसला. बसल्यावर एकदम पोरगेला दिसायला लागला. "तुला माहीत नाही मी काय ऐकलंय," तो खाली बघत म्हणाला. "त्या दिवशी जिन्यात. लिफ्ट बंद होती. तळमजल्यापासून आवाज येत होता तिचा, प्रत्येक मजल्याला जास्त. आणि मधेच थांबला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे थांबला एकदम. तुला माहीत नाही ते. मी अजून जिना चढतो ना, तर तिथं माझे पाय..." अक्षदाताई स्वयंपाकघरात गेली आणि उगाच नळ सोडून उभी राहिली. उत्कर्षानं त्याच्याकडे पाहिलं. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. वर्ष झालं, तो रोज तो जिना चढत होता आणि वर येऊन हसत होता, आज काय केलंस, जेवलीस का. तिला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, आणि त्याच वेळी कळलं की आता तेही जमणार नाही. आपण हात फिरवला तर तो मनात नोंद करील, आज ठीक आहे. नाही फिरवला तरी करील. पेढे आणले त्या दिवसापासून तो नोंदच करत आला होता, आणि तिला ते प्रेम वाटत होतं. कदाचित होतंही. दोन्ही सारखीच दिसत होती.

"चल, घरी जाऊ," तो म्हणाला. "तिला उठू दे, मग निघू. आत्ता उठवलं तर खूप रडेल, कच्ची झोप आहे." "मला माहीत आहे माझ्या पोरीची झोप," उत्कर्षा म्हणाली, पण जागची हलली नाही. कारण तिला दिसायला लागलं होतं. आता उठवलं आणि ऋचा रडली, तर निलय आणि ताई एकमेकांकडे पाहतील. पाहणार नाहीत, न पाहण्याची काळजी घेतील. वाट पाहत बसलं तर, किती शांत बसली, बरी आहे, असं आज रात्री अकोल्याला कळवलं जाईल. चहा घेतला तरी त्याचा अर्थ निघेल, न घेतला तरी निघेल. इतक्यात ऋचानं झोपेत कूस बदलली. तिला सरळ करायला हात पुढे करताना आपला हात कसा दिसतोय हे उत्कर्षाला स्वतःलाच बाहेरून दिसलं, दारात उभ्या असलेल्या माणसाला दिसावं तसं. हेच त्यांनी घेतलं होतं. पोरगी नव्हे. पोरीकडे जाणारा हात.

तिनं उशा बाजूला फेकल्या आणि ऋचाला उचललं. ऋचानं डोळे उघडले, क्षणभर काही न कळल्यासारखं बघितलं आणि भोकाड पसरलं. "आत्तू! आत्तू!" अक्षदाताई नळ तसाच सोडून आली, दोन्ही हात पुढे, मग ते हात तिनं पाठीमागे नेले. "दे, मी घेतो," निलय म्हणाला. "नको." "थांब, मी गाडी काढतो खाली." "तू थांब इथं." "उत्कर्षा, अगं ती घाबरलीय." "घाबरू दे. रडू दे तिला. तुमच्या आजच्या सरावात रडली नाही ना ती? आता रडू दे." जिन्यात पोरीचा आवाज घुमला. वर कोणी दार लावल्याचं ऐकू आलं नाही.

कोपऱ्यावर मिळालेल्या रिक्षातही ऋचा थांबेना. पाठीची कमान करून ती मागे झुकत होती, पायांनी लाथा मारत होती, आत्तू हा एकच शब्द श्वास तुटेपर्यंत. रिक्षावाला आरशातून बघत होता. पन्नाशीचा, कानात बारीक सोन्याची मुरकी, बघणं काही वावगं नव्हतं. पीतल फॅक्टरीच्या पुढं त्यानं रिक्षा कडेला घेतली, एका रसाच्या गाड्याजवळ, चार माणसं उभी होती तिथं. मग मान वळवून म्हणाला, "आपकी ही है ना, मैडम?" ती बघत राहिली. "बुरा मत मानना. बच्ची किसी और को बुला रही है ना, इसलिए पूछा. घर में किसी से बात करा दो, बस. हमारी भी बेटियाँ हैं." गाड्यावरची माणसं वळून बघायला लागली होती. तिच्या बाजूच्या उघड्या पर्समध्ये फोन वाजत होता, पडद्यावर निलयचं नाव, तिचा नि त्याचा नि ऋचाचा एकत्र फोटो. नुसता उचलून पुढं धरायचा. तो सांगेल, हाँ भैया, मेरी वाइफ है, बच्ची हमारी है, आणि मग रिक्षा चालू होईल. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला. तिनं तो बंद केला.

"मेरी है," ती म्हणाली. "बात किसी से नहीं कराऊँगी. आपको रुकना है तो रुक जाइए."

रिक्षावाल्यानं थोडा विचार केला आणि इंजिन बंद केलं. इंजिन थांबल्यावर ऋचाचं रडणं जास्तच मोठं झालं. रसवाल्याची घुंगरं थांबली. कोणीतरी म्हणालं, क्या हुआ भाईसाहब. उत्कर्षानं पोरीला थोपटलं नाही, गाणं म्हटलं नाही; तिच्या दोन्ही काखांत हात घालून तिला समोर उभं केलं, स्वतःचं तोंड तिला पूर्ण दिसेल असं, आणि नुसती तिच्याकडे बघत राहिली. ऋचा त्या तोंडाकडे बघून रडत राहिली. नाक वाहत होतं, ओठ थरथरत होते, आणि दोन्ही मुठींत तिनं त्याच तोंडाभोवतीचे केस मुळापासून गच्च धरून ठेवले होते.